बाटली फुगली ते बरं झालं

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये निफाडचे मामा आले ते दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली भरून काळ्या द्राक्षांचा रस घेऊन. व्यापाऱ्याने बागेत मागे टाकलेल्या घडांचा, मामीने मिक्सरमधून काढून फडक्यातून गाळलेला. आमच्या फ्रिजमध्ये जागा नव्हती, म्हणून बाटली ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि ती तिथेच राहून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाटली आडवी. उभी करायला गेले, तर उभी राहीना. बूड बाहेर येऊन नारळासारखं गोल झालेलं. झाकण जेमतेम पाव वेढा फिरवलं आणि फस्स करून जांभळा फेस मनगटापर्यंत आला. मामा हसत म्हणाले, "वाईन झाली की गं!" आई म्हणाली, "नासलाय. मोरीत ओत."

त्याच आठवड्यात माझा सहा वर्षांचा भाचा तापाने आणि जुलाबाने झोपून होता. दोन दिवस आधी बापलेक एका एसटी स्टँडबाहेर उसाचा रस प्यायले होते. रस डोळ्यांसमोर काढलेला, आलं-लिंबू घातलेलं, बर्फाने गारेगार. चव कशी होती विचारलं, तर भावोजी म्हणाले, "एकदम फ्रेश." तो त्या रसानेच आजारी पडला असं मी शपथेवर सांगणार नाही, उन्हाळ्यात जुलाबाला कारणं काय कमी असतात? पण मी कॉलेजात अन्नाचं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि दरवर्षी जी गोष्ट सांगताना मुलांच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसतो ती या दोन रसांनी एकाच आठवड्यात घरात दाखवली. रस नासणं वेगळं, रस बाधणं वेगळं. नासवणारे बहुतेक वेळा गाजावाजा करत येतात. बाधवणाऱ्यांना ना वास असतो, ना फेस.

आधी गाजावाजा करणाऱ्यांकडे पाहू. द्राक्षाच्या सालीवर, सुरीवर, मिक्सरच्या झाकणातल्या रबरी रिंगेत यीस्ट असतातच. एकपेशीय, साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरश्याच त्या. साखर खायची, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा, हा त्यांचा उद्योग. हा वायू किती सुटतो याचा अंदाज आपल्याला नसतो. एक चमचा, म्हणजे साधारण पाच ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सव्वा लिटरहून जास्त वायू तयार होतो. मामांच्या बाटलीत साखर होती तीनशे ग्रॅमच्या आसपास. त्यातली दोन-तीन चमचे संपली तरी वायूला बाटली पुरत नाही, मग तो बुडाला ढकलतो, झाकणाला ढकलतो. काचेची बाटली असती तर सकाळी ओटा पुसायला वेगळी तयारी लागली असती.

पण द्राक्षाच्या सालीवर फक्त यीस्टच असतात का? नाही. तिथे शेकडो प्रकारचे जिवाणूही असतात, आणि वाढण्याचा त्यांचा वेग यीस्टपेक्षा जास्त. दुधात टाकलं तर जिवाणू यीस्टला कुठच्या कुठे मागे टाकतील. मग रसात यीस्ट कसे जिंकतात?

उत्तर आंबटपणात आहे. मामांना समजावताना मला सोपं गेलं, कारण माती परीक्षणाच्या अहवालात ते दरवर्षी 'सामू' वाचतात. इंग्रजीत ज्याला पीएच म्हणतात तोच हा सामू. सात म्हणजे शुद्ध पाणी, ना आम्ल ना अल्कली. सातच्या खाली जेवढं उतराल तेवढं आंबट. आणि ही शिडी फसवी आहे: प्रत्येक पायरीला आम्लता दसपट होते. लिंबाचा रस दोन-सव्वादोनला, कोकम दोनच्या आसपास, द्राक्ष-संत्रं-सफरचंद तीन ते चारच्या मध्ये कुठेतरी, आंबा चारच्या अवतीभवती. मग टोमॅटो, कुंपणावर बसलेला. आणि कुंपणापलीकडे ऊस, कलिंगड, शहाळं, सगळी पाच-साडेपाचची मंडळी. गाजर सहाला. म्हणजे लिंबाच्या रसात उसाच्या रसाच्या हजारपट आम्लता आहे. दोन्हीला आपण रसच म्हणतो, दोन्ही त्याच पेल्यात पितो. पण जिवाणूच्या नजरेने पाहिलं तर एक वाळवंट आहे आणि दुसरी उसाच्या मळ्यातली विहीर.

आम्ल जिवाणूला मारतं कसं? पेशीच्या आतलं वातावरण सातच्या आसपास राखल्याशिवाय तिचं कुठलंच काम चालत नाही. बाहेर आम्ल जास्त असलं की ते आत झिरपतं, आणि पेशी पंप लावून ते बाहेर फेकते. भोक पडलेल्या होडीत बसून करवंटीने पाणी उपसावं तसं. उपसणं चालू असेपर्यंत होडी तरंगते, पण वल्हवायला हात मोकळे राहत नाहीत. जिवाणू जिवंत राहतो, वाढत नाही. सामू आणखी खाली गेला की हात थकतात आणि होडी बुडते. यीस्ट आणि बुरश्या या उपसण्यात जिवाणूंपेक्षा फार पटाईत, सामू तीन असला तरी निवांत वाढतात. म्हणून आंबट फळांच्या रसात मैदान त्यांना मोकळं मिळतं.

"जिवाणू जिवंत राहतो, वाढत नाही" हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी गोम तिथे आहे, आणि ती समजायला अमेरिकेला १९९६ साल उजाडावं लागलं.

त्याआधी तिथेही समज असा होता की सफरचंदाचा रस आंबट, त्यात कोण जगणार! ओडवाला नावाची कंपनी पश्चिम किनाऱ्यावर ताजा, न तापवलेला रस बाटलीत भरून विकायची. न तापवणं हीच तिची जाहिरात होती. १९९६च्या ऑक्टोबरमध्ये लहान मुलं रक्ती जुलाबाने दवाखान्यात यायला लागली. माग काढत गेल्यावर सफरचंदाचा रस सापडला, आणि त्या रसात ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जिवाणू. हा गाईगुरांच्या आतड्यात सुखाने राहतो, गुरांना काही करत नाही, पण माणसाच्या पोटात गेला की असं विष सोडतो जे लहान मुलांची मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. झाडाखाली पडलेलं फळ, त्याला लागलेलं शेण, इतका साधा त्याचा प्रवास असू शकतो. ७०च्या आसपास लोक आजारी पडले, कोलोरॅडोतली १६ महिन्यांची मुलगी गेली. १९९८मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि १५ लाख डॉलर दंड भरला.

या घटनेतली सर्वात बोचरी गोष्ट रसाचा वास आणि चव. दोन्ही उत्तम होती. आणि का नसावी? रसाला आंबूस वास यायला दर मिलीलीटरमध्ये काही लाख यीस्ट जमावे लागतात. एका पेल्यात ती गर्दी कोटींत जाते. ओ१५७ला मात्र शंभराहून कमी पेशी पोटात गेल्या तरी पुरतं. अख्ख्या पेल्यात शंभर पेशी! कुठलं नाक ते ओळखणार? त्या रसात वाढल्याही नसतील, नुसत्या तग धरून बसल्या असतील.

त्यावर आणखी एक उलटा प्रकार. प्रयोगशाळेत असं दिसलं की हा जिवाणू सफरचंदाच्या रसात बाहेरच्या उबेत दोन-तीन दिवसांत मरतो, पण फ्रिजच्या थंडाव्यात दोन-तीन आठवडे जगू शकतो. उबेत त्याचं सगळं कामकाज जोरात चालू असतं, म्हणून आम्ल त्याला लवकर थकवतं. थंडीत तो जवळजवळ झोपी जातो, आणि झोपलेल्याला आम्लाचा त्रासही कमी. थोडक्यात, फ्रिज रसाला नासण्यापासून वाचवतो आणि आत आधीच शिरलेल्या बाधवणाऱ्यालाही वाचवतो. माझ्या वर्गात दरवर्षी इथे कुणीतरी हात वर करतं: "मॅडम, मग फ्रिजमध्ये ठेवू नये का?" ठेवावाच. फक्त फ्रिज रस शुद्ध करतो असं समजू नये.

या प्रकरणानंतर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने आधी न तापवलेल्या रसाच्या बाटलीवर इशारा छापायला लावला, आणि २००१मध्ये कारखान्यांसाठी नियम काढला: रसावर अशी काही प्रक्रिया करा की धोकादायक जिवाणू १ लाख असतील तर त्यातला फक्त १ उरेल. कसं करायचं ते तुम्ही ठरवा. बहुतेकांनी अर्थातच जुना उपाय धरला, तापवणं.

तो उपाय तसा दीडशे वर्षांचा. लुई पाश्चरने १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये दाखवलं की वाईन हलकी तापवली तर ती बिघडत नाही. १८६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या व्हाइनलंड गावी थॉमस वेल्च नावाच्या दंतवैद्याने हीच युक्ती उलट्या हेतूने वापरली. तो दारूबंदीवाला. चर्चमधल्या विधीसाठी वाईन नको, द्राक्षरस हवा. पण रस दोन दिवसांत आपोआप वाईन व्हायला लागतो ना! त्याने रस बाटल्यांत भरून, बुचं घट्ट लावून बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. यीस्ट मेले, रस रसच राहिला. आज दुकानातल्या चौकोनी खोक्यातला रस याच घराण्यातला. फरक एवढाच की तो ९०-९५ अंशांवर काही सेकंदच ठेवतात आणि निर्जंतुक केलेल्या खोक्यात निर्जंतुक हवेत भरतात. म्हणून प्रिझर्वेटिव्ह न घालता सहा-सहा महिने टिकतो. लोकांना यात काहीतरी लबाडी वाटते. लबाडी नाही, उष्णता आहे. मात्र खोकं फोडलं की तो चमत्कार संपला. मग तो मामांच्या बाटलीसारखाच साधा रस. आणि खोक्याला थेट तोंड लावून प्यायलात तर तोंडातले सूक्ष्मजीवही तुम्हीच आत सोडलेत.

तापवूनही काही जण वाचतात. १९८२मध्ये जर्मनीत खोक्यातला सफरचंदाचा रस बिघडला, आणि त्यात एक जिवाणू सापडला ज्याला पुढे ॲलिसायक्लोबॅसिलस नाव मिळालं. नाव जिभेला वळण लावणारं, पण प्राणी मोठा मजेशीर आहे. मातीतून फळावर येतो, तापवलं की बीजाणूत दडून बसतो (बीजाणू म्हणजे दुष्काळात बंद केलेलं टपोरं बियाणं समजा), आणि आम्लाची त्याला इतकी आवड की बाकीच्यांना जे वाळवंट वाटतं ते याचं माहेर. नंतर तो रसात ग्वायाकॉल नावाचं रसायन सोडतो. फेस नाही, फुगणं नाही, फक्त दवाखान्यातल्या फरशीचा वास. अब्जात दोन भाग असले तरी नाकाला कळतो. माणसाला तो काही करत नाही, पण रसाच्या कारखानदारांची झोप उडवतो.

बुरशीचं प्रकरण मात्र इतकं निरुपद्रवी नाही. सफरचंदावर मऊ तपकिरी डाग पडून वर निळसर-हिरवी बुरी येते, ती पॅट्युलिन नावाचं विष बनवते. बुरशी तापवून मरते, पण तिने बनवून ठेवलेलं विष रस तापवून जात नाही. म्हणून आपल्याकडच्या नियमात सफरचंदाच्या रसाला पॅट्युलिनची मर्यादा घातली आहे, किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. हे कारखान्यांचं झालं. कोपऱ्यावरच्या ज्यूस सेंटरमध्ये संध्याकाळी 'डागी माल' कुठे जातो, हे तुम्हीही पाहिलंच असेल. टोपलीत विकायला न ठेवता येणारं फळ मिक्सरमध्ये गेलं की त्याचा डाग दिसत नाही.

आता कुंपणापलीकडची मंडळी. सामू ४.६ ही रेघ आमच्या शास्त्रात लक्ष्मणरेषेसारखी आहे. बोटुलिझम या लकवा आणणाऱ्या विषबाधेचा जिवाणू त्या रेघेच्या खाली बीजाणूतून डोकं वर काढत नाही. वर मात्र काढतो, आणि हवा नसलेल्या बंद बाटलीत तर खुशाल. २००६मध्ये अमेरिकेत चार आणि कॅनडात दोन माणसं बाटलीबंद गाजराच्या रसाने लकवा मारल्यासारखी पडली. तो रस पाश्चराइज केलेला होता! पण गाजर मातीतलं, त्याचा सामू सहा, बीजाणू त्या तापमानाला दाद देत नाहीत, आणि बाटली मध्ये कुठेतरी पुरेशी थंड राहिली नाही. आंबट फळांत जे काम आम्ल फुकटात करतं, ते इथे फक्त थंडी करत होती, आणि थंडीने सुट्टी घेतली.

उसाचा रसही याच बाजूचा. सामू पाचच्या वर, साखर भरपूर, बाहेर वैशाखाचं ऊन. जुलाबाचे जिवाणू इथे नुसते तग धरत नाहीत, वाढतात. चांगली परिस्थिती मिळाली तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. रसवंतीवाला रस काढून जग भरून ठेवतो आणि गिऱ्हाईक आलं की ओततो, तेव्हा ती वीस-वीस मिनिटं तुमच्या हिशेबात जमा होत असतात. त्यात भर ल्युकोनोस्टॉक या जिवाणूची. उसाच्या तोडलेल्या टोकांवर हा राहतो, साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. शिळ्या वरणाला सुटते तशी रसाला तार सुटते ती याची करणी. आपल्या साखर कारखान्यांना तो चांगलाच परिचित, तोडलेला ऊस गाडीत दोन दिवस उभा राहिला की साखरेचा उतारा पडतो त्यात याचाही हात असतो. हा बिचारा नासवणारा. बाधवणारे त्याच चरकाजवळ दुसऱ्याच वाटांनी येतात.

त्या वाटा पाहायच्या असतील तर एकदा रस न पिता पाच मिनिटं रसवंतीजवळ उभं राहा. घुंगरांच्या तालावर चरक फिरतोय. ऊस सोलून बादलीतल्या पाण्यात बुडवलाय, पाणी सकाळचं. चोथा परत-परत दुमडून घालताना हात रुळापर्यंत जातो, त्याच हाताने सुट्टे पैसे. रुळाच्या खालच्या पत्र्यावर कालच्या रसाची पिवळी साय वाळलेली. पेले दुसऱ्या बादलीत बुचकळून पालथे. आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, टोच्याने फोडलेली, वर थोडा भुसा चिकटलेला.

बर्फाबद्दल आपला गैरसमज असा की गोठलं म्हणजे मेलं. जिवाणू गोठण्याने थोडे मरतात, बरेच थांबतात. बर्फ वितळला की पुन्हा कामाला. विषाणूंना तर काहीच वाटत नाही. कारखान्यातल्या लाद्या मासळी, दुधाचे कॅन गार ठेवायला बनवलेल्या असतात, त्यांचं पाणी पिण्याचं असलंच पाहिजे असं नाही. म्हणून महाराष्ट्रात २०१८मध्ये न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकण्याचा आदेश निघाला, पांढरा खायचा, निळा नाही. कल्पना झकास होती. तुम्ही शेवटचा निळा बर्फ कधी पाहिलात, आठवून बघा.

विषाणूचा विषय निघालाच आहे तर कावीळ. २००४मध्ये इजिप्तला सुट्टीवर गेलेल्या ३००हून जास्त युरोपीय पर्यटकांना ए प्रकारची कावीळ झाली आणि चौकशीत बोट गेलं संत्र्याच्या रसाकडे. संत्रं तर आंबट! पण विषाणू रसात वाढतच नाही, तो नुसता प्रवासी आहे. काढणाऱ्याच्या न धुतलेल्या हातावरून चढला, तुमच्या पोटात उतरला. त्याला सामूशी देणंघेणं नाही. याहून विचित्र गोष्ट ब्राझीलची. २००५मध्ये सांता कातारीना राज्यात रस्त्याकडेला उसाचा रस प्यायलेल्या लोकांना शागास नावाचा परजीवी रोग झाला, काही दगावले. हा रोग तिथल्या एका ढेकणासारख्या किड्यातून पसरतो. उसाबरोबर किडाही चरकात गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे तो रोग नाही, पण चरक काय काय पिळतो याचा तो नमुना.

विद्यार्थी विचारतात, मग उसाच्या रसात प्रिझर्वेटिव्ह घालून बाटलीत का भरत नाहीत? इथे पुन्हा सामू आडवा येतो. सोडियम बेंझोएट आम्लात विरघळलं की त्याचे काही रेणू विद्युतभार नसलेल्या रूपात राहतात. तेवढेच पेशीच्या भिंतीतून आत घुसू शकतात, बाकीचे दाराबाहेर. सामू ३.२ असेल तर शंभरातले ९१ रेणू घुसण्याजोगे असतात. उसाच्या ५.२ला फक्त ९. म्हणजे औषध तेवढंच, पण काम दहाव्या हिश्शाचं. तापवावा तर उसाच्या रसाला गुऱ्हाळाचा वास येतो, रंग काळपट होतो, आणि माणूस म्हणतो हा रस नव्हे, काकवी आहे. रसवंतीवाला लिंबू घालतो ते चवीसाठी आणि रंग काळवंडू नये म्हणून. त्याने रस जरा आंबट बाजूला सरकतो हे खरं, पण आत असलेले जिवाणू पाच मिनिटांत मरतील एवढं आम्ल अर्ध्या लिंबात नसतं.

नीरेची गंमत तर याच्या पलीकडची. ताज्या नीरेचा सामू जवळजवळ सात, म्हणून झाडावरच्या मडक्यातच ती आंबायला लागते. मडक्याला आतून चुना लावतात. बाकी सगळे आम्लाने राखण करतात, नीरावाला उलट्या टोकाने, अल्कलीने. तेवढ्याने सकाळ निघते, दुपारची ताडी होते.

आणि अलीकडची 'कोल्ड-प्रेस्ड' बाटली. फळ हळू दाबून रस काढला की तो जास्त सुरक्षित असतो असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. हळू दाबल्याने जिवाणू चिरडत नाहीत. काही कंपन्या रस काढल्यावर भरलेली बाटली पाण्यात ठेवून ६०० मेगापास्कल दाब देतात, समुद्राच्या सर्वात खोल गर्तेतल्या दाबाच्या पाचपटीहून जास्त. त्याने मात्र जिवाणू आणि यीस्ट मरतात, चव तशीच राहते. बीजाणू त्यातूनही सुटतात, म्हणून अशी बाटलीही फ्रिजमध्येच लागते. लेबलवर हा दाब दिल्याचा उल्लेख आहे की नुसतं 'कोल्ड-प्रेस्ड' आहे, ते वाचायचं.

या सगळ्या यंत्रसामग्रीपुढे माझी कोकणातली आत्या काय करते? पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया काढते, सालीच्या वाट्यांत साखर भरते, बरणीत थरावर थर लावून दादरा बांधून आठवडाभर उन्हात ठेवते. साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि खाली लालभडक अमृत कोकम जमतं. ना चूल, ना प्रिझर्वेटिव्ह, आणि वर्षभर टिकतं. दुहेरी कुलूप आहे ते. एक, कोकमाचं आम्ल, जिवाणूंसाठी. दुसरं, साखरेचा दाट पाक, यीस्ट आणि बुरशीसाठी. पाणी आहे, पण साखरेने धरून ठेवलेलं, पेशीला पिता येत नाही, उलट तिच्याच आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. कोकमाच्या आगळात साखरेच्या जागी मीठ, कुलूप तेच.

या कुलपाची किल्ली कुठे असते ते आत्याला ठाऊक आहे, शास्त्र न शिकता. "ओला चमचा घालशील तर बघ." आणि बरणी उन्हातून आत आणली की ती झाकण काढून आतल्या बाजूचे घामाचे थेंब कोरड्या फडक्याने टिपते. ते थेंब गळ्यापाशी पाकावर पडले की वरचा बोटभर थर पातळ होतो. खाली पाक दाट, वर गोड पाणी. तिथेच यीस्ट फुटतात, तिथेच बुरी धरते. बाजारातली सरबतं बिघडतात तीही बहुतेक वरूनच. एक दांडगं यीस्ट आहे, झायगोसॅकरोमायसीस बेली नावाचं, जे दाट पाकातही वाढतं आणि बेंझोएटलाही जुमानत नाही. एक पेशी बाटलीत शिरली तरी महिन्याभराने झाकण उडवते. (घरी लिंबू-संत्र्याच्या सरबतात आपण केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, घालतो आणि कोकम-जांभळात बेंझोएट, त्याचं कारण ताकदीत नाही. केएमएसमधला सल्फर डायऑक्साइड लाल-जांभळा रंग उडवतो, इतकंच.)

मामांच्या बाटलीचं काय झालं? मोरीत ओतली. फुगलेली बाटली बाधलीच असती असं नाही, उलट ती बिघडल्याचं निदान सांगून तरी मोकळी झाली. पण यीस्ट आहेत म्हणजे दुसरं कुणी नाही असाही अर्थ होत नाही, आणि आईशी त्या विषयावर वाद घालायची माझी तयारी नव्हती. पुढच्या वेळी मामी रस गाळून, उकळी फुटायच्या आधी खाली उतरवून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बाटल्यांत गरमागरम काठोकाठ भरून, झाकण लावून बाटली दोन मिनिटं आडवी ठेवणार आहे, म्हणजे झाकणाची आतली बाजूही त्या उष्णतेने धुतली जाईल. वेल्चचाच मार्ग, निफाडच्या गॅसवर.

उसाचा रस मी सोडला असं समजू नका. आईला आणि भाच्याला देत नाही, गरोदर मैत्रिणीला देऊ दिला नाही, कलिंगडाचा कापून ठेवलेला रस कुणालाच नाही. स्वतः पिते, चरक जिथे दिवसातून दोन-तीनदा धुताना दिसतो अशाच ठिकाणी, समोर काढलेला, लगेच, बिनबर्फाचा. परवा एका रसवंतीवर पिशवीतून माझा स्टीलचा पेला काढून पुढे केला. मालकाने पेल्याकडे पाहिलं, बुचकळायच्या बादलीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "ताई, पेला हाफचा आहे की फुलचा?"